१५ वर्षं वॅगन-आर चालवली, आता त्याच पैशात सेकंड हँड ऑक्टाव्हिया घ्यावी का? आधी हे गणित बघा

खिशात सहा लाख रुपये घेऊन गाडी घ्यायला निघालेल्या माणसापुढं आज दोन रस्ते असतात.

पहिला रस्ता जातो शोरूमला. तिथं नवी कोरी छोटी हॅचबॅक मिळते. वॉरंटी मिळते, पेढ्याचा बॉक्स मिळतो आणि पुढची दहा वर्षं फारसा त्रास होणार नाही याची खात्री मिळते.

दुसरा रस्ता जातो मोबाईलच्या स्क्रीनवर. तिथं तेवढ्याच पैशांत दहा-बारा वर्षांपूर्वी ऑन रोड वीस लाखांच्या आसपास गेलेली स्कोडा ऑक्टाव्हिया उभी असते. लेदर सीट, सनरूफ, १.८ लिटरचं टर्बो इंजिन आणि १८० पीएसची ताकद. जाहिरातीत लिहिलेलं असतं, 'फर्स्ट ओनर, शोरूम मेंटेन्ड, डॉक्टरांची गाडी'.

आणि इथंच अनेकांची झोप उडते.

कारण महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घरातला गाड्यांचा प्रवास साधारण ठरलेला आहे. १९८३च्या डिसेंबरमध्ये मारुती ८०० आली आणि तिनं एक शिस्त लावून दिली. गाडी घेताना तीनच प्रश्न विचारायचे. ॲव्हरेज किती देते? सर्व्हिसिंगला किती लागतात? विकताना किती येतील? मग ८०० गेली आणि सँट्रो आली, वॅगन-आर आली, स्विफ्ट आली, डिझायर आली. प्रश्न मात्र तेच राहिले.

या प्रश्नांनी कुणाचं वाईट केलं नाही. उलट घराचे हप्ते, मुलांच्या फिया आणि गावाकडच्या फेऱ्या हे सगळं याच गाड्यांनी ओढलं. पण कधीतरी हप्ते संपतात, मुलं कमावती होतात आणि पन्नाशीच्या आसपासच्या माणसाला वाटतं की एकदा तरी चालवायला मजा येईल अशी गाडी घ्यावी.

यात चुकीचं काहीच नाही. पण साध्या गाड्यांच्या अनुभवावरून सेकंड हँड भारी गाडी निवडली, तर हिशोब हमखास चुकतो. तो कुठं चुकतो, तेच समजून घेऊ.

एवढी भारी गाडी एवढी स्वस्त का मिळते?

गाडीची किंमत वयाप्रमाणं घसरते हे सगळ्यांना माहीत आहे. विमा कंपन्यांचं याबाबतीतलं कोष्टकच ठरलेलं आहे. गाडी एक वर्षाची होईपर्यंत तिच्या किमतीतून १५ टक्के वजा धरतात. दुसऱ्या वर्षात २०, तिसऱ्यात ३०, चौथ्यात ४० आणि पाचव्या वर्षात ५० टक्के. म्हणजे पाच वर्षांत गाडी कागदावर निम्म्यावर येते.

पण बाजार या कोष्टकाप्रमाणं चालत नाही. मारुतीची डिझायर किंवा टोयोटाची इनोव्हा घ्या. यांना कोष्टकापेक्षा जास्त भाव येतो, कारण घेणारे रांगेत उभे असतात. याउलट मोठ्या युरोपियन सेडानला घेणारेच कमी. जो २० लाखांची गाडी घेऊ शकतो, त्याला नवीच हवी असते. आणि ज्याच्याकडं ६ लाख आहेत, तो मेंटेनन्सला घाबरतो.

म्हणजे या गाड्या स्वस्त असतात त्या खराब असतात म्हणून नाही. त्या स्वस्त असतात, कारण बाजारानं पुढच्या खर्चाची भीती किमतीतून आधीच वजा केलेली असते.

आता यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट.

गाडीची किंमत घसरते. तिच्या पार्ट्सची किंमत घसरत नाही.

२० लाखांची गाडी ६ लाखांवर आली म्हणून तिचा हेडलाईट, तिचा एसी कॉम्प्रेसर किंवा तिच्या गिअरबॉक्सचं काम एक तृतीयांशावर येत नाही. शोरूममध्ये पार्टचं बिल आजच्या भावानं होतं आणि तो पार्ट २० लाखांच्या गाडीचाच असतो. जर्मन लक्झरी गाड्यांमध्ये तर एका एलईडी हेडलाईटचं बिल लाखाच्या घरात जाऊ शकतं.

थोडक्यात, घेताना गाडी आपल्या ऐपतीची असते, पण सांभाळताना ती पहिल्या मालकाच्या ऐपतीची असते.

साध्या गाडीनं लावलेल्या सवयी

हिशोब चुकण्याचं दुसरं कारण सवयीत आहे.

छोटी पेट्रोल गाडी माफ करणारी असते. सर्व्हिसिंग दोन हजार किलोमीटर उशिरा केलं, चालून गेलं. कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये मिळेल ते ऑइल टाकलं, तेही चाललं. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला, 'बघू पुढच्या महिन्यात' म्हटलं, तरी गाडी कोल्हापूरला जाऊन आली. कारण त्या इंजिनात बिघडण्यासारख्या गोष्टीच कमी असतात. टर्बो नाही, गुंतागुंतीचा गिअरबॉक्स नाही, कॉम्प्युटरचे चोचले नाहीत.

टर्बो इंजिनाचं तसं नसतं. टर्बो मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेऊ शकतो आणि त्याच्या बेअरिंगला ऑइलचाच आधार असतो. चुकीच्या ग्रेडचं किंवा जुनं झालेलं ऑइल तिथं थेट नुकसान करतं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सलाही स्वतःचं ऑइल असतं आणि बऱ्याच गिअरबॉक्सचं ते ठरावीक किलोमीटरला बदलावं लागतं. अनेक मालकांना हे माहीतच नसतं.

म्हणून सेकंड हँड भारी गाडी घेताना गाडीइतकाच तिचा आधीचा मालक तपासायचा असतो. त्यानं तिला माफ करणारी गाडी समजून वापरलं असेल, तर त्याचं बिल नव्या मालकाच्या नावानं फाटतं.

'मजा' नक्की कशात हवी, हे आधी ठरवायचं

मजेची गाडी म्हणजे एकच प्रकार नाही. ढोबळमानानं पाच गट पडतात आणि प्रत्येकाची जोखीम वेगळी आहे.

पहिला गट : विश्वासू, तरीही मजेशीर

होंडा सिटीची आय-व्हीटेक पेट्रोल, २००६ ते २०१३ या काळातली होंडा सिव्हिक, टोयोटाची कोरोला अल्टिस या गटातल्या. यांना टर्बो नाही. सिव्हिकचं १.८ लिटरचं इंजिन साध्या पद्धतीचं, टायमिंग चेनवालं आहे, म्हणजे ठरावीक किलोमीटरला टायमिंग बेल्ट बदलायची भानगड नाही. तरीही ही गाडी चालवणाऱ्याला फरक पहिल्याच वळणावर कळतो. अडचण एकच, तिची उंची कमी. आपल्याकडच्या गावठी स्पीड ब्रेकरवर पोट घासतं. म्हणून खालून गाडी बघितल्याशिवाय ती घ्यायची नाही.

मारुतीतही असं पर्याय होऊन गेले. २०१७मध्ये आलेली बलेनो आरएस टर्बो पेट्रोल होती. फारशी विकली गेली नाही, पण बऱ्याच गोष्टी साध्या बलेनोसारख्याच आणि सर्व्हिस सेंटर तालुक्याला. वर्षानुवर्षं साधी गाडी चालवलेल्या माणसासाठी पहिली पायरी म्हणून हा गट सगळ्यात सुरक्षित.

दुसरा गट : टर्बो आणि डीएसजी

फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, व्हेंटो, स्कोडा ऑक्टाव्हिया. पोलो तर आपल्या चाकणची. २०१० ते २०२२ अशी बारा वर्षं ती तिथं बनली. ऑक्टाव्हियाचं नातं शेंद्र्याशी, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरशी. या गाड्या हायवेवर रस्त्याला चिकटून चालतात आणि त्यासाठीच लोक त्यांच्या प्रेमात पडतात.

इथं बघायची गोष्ट म्हणजे गिअरबॉक्स. २०१३मध्ये आलेल्या पोलो जीटी टीएसआयमध्ये आणि ऑक्टाव्हिया १.८ टीएसआयमध्ये सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी आहे. ड्राय म्हणजे याचे क्लच ऑइलमध्ये बुडालेले नसतात. गाडी ट्रॅफिकमध्ये मुंगीच्या पावलानं चालली की ते तापतात आणि घासतात. या प्रकारच्या गिअरबॉक्सच्या तक्रारी जगभर झाल्या. २०१३मध्ये चीनमध्ये फोक्सवॅगननं यासाठी तब्बल ३ लाख ८४ हजार गाड्या परत बोलावल्या होत्या.

याचा अर्थ प्रत्येक गाडीत बिघाड आहे असा नाही. पण हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये आठ वर्षं काढलेली डीएसजी आणि सोलापूर रोडवर चाललेली डीएसजी, किलोमीटर सारखे असले तरी या दोन गाड्या सारख्या नाहीत. २०२०नंतरच्या पोलोच्या ऑटोमॅटिकमध्ये वेगळा, सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर आहे. ट्रॅफिकमध्ये तो जास्त निवांत. आणि मॅन्युअल गिअरवाली घेतली, तर हा प्रश्नच मिटतो.

तिसरा गट : कंपनी गेली, गाडी राहिली

फियाट, फोर्ड, शेवरोले. फियाटच्या लिनिया आणि पुंतो पुण्याजवळच्या रांजणगावला बनायच्या. शेवरोलेचा कारखाना तळेगावला होता. जनरल मोटर्सनं २०१७च्या अखेरीस भारतातली विक्री थांबवली. फोर्डनं सप्टेंबर २०२१मध्ये इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. फियाटच्या गाड्या बीएस-६ येण्याआधीच संपल्या.

कंपनी गेली की भाव कोसळतो आणि इथंच चांगले सौदे असतात. पण पार्टचा विचार करून. पुंतोचंच उदाहरण घ्या. तिच्यातलं १.३ मल्टिजेट डिझेल इंजिन स्विफ्ट, डिझायर आणि इंडिका व्हिस्टामध्येही होतं. हे इंजिन ओळखणारा मेकॅनिक कुठल्याही तालुक्याच्या गावात सापडतो. पण बंपर, दरवाजा, हेडलाईट फक्त पुंतोचाच लागतो. म्हणजे इंजिन बिघडलं तर गाडी दोन दिवसांत सुरू होईल आणि टमटमनं हेडलाईट फोडला तर पंधरा दिवस उभी राहील.

मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड जुन्या पार्टसाठी प्रसिद्ध आहे. गाडी ठरवायच्या आधी तिथं किंवा ओळखीच्या स्पेअर पार्टवाल्याला एक फोन करून विचारावं, 'या गाडीचा हेडलाईट मिळेल का आणि केवढ्याला?' या एका उत्तरातून बरंच कळतं.

चौथा गट : बॅज

दहा-बारा लाखांत बीएमडब्ल्यू, ऑडी, मर्सिडीज. या गटात सगळ्यात जास्त लोक फसतात, कारण इथं मन गाडीपेक्षा लोगोवर जास्त बसलेलं असतं. बऱ्याच बीएमडब्ल्यूंना रन-फ्लॅट टायर असतात. पंक्चर झाली तरी थोडं अंतर जाता येतं, पण टायर महाग, खड्ड्यात कडक आणि स्टेपनीला अनेकदा जागाच नसते. एअर सस्पेन्शन असलेल्या मोठ्या एसयूव्हीत दहाव्या वर्षी हवेचे फुगे गळायला लागतात आणि सकाळी गाडी एका बाजूला बसलेली दिसते.

वर्षाला लाख-दीड लाख रुपये फक्त देखभालीसाठी काढताना ज्याला वाईट वाटणार नाही, त्यानंच या गटात यावं.

पाचवा गट : जीप

जुनी थार, जिम्नी, फोर बाय फोर स्कॉर्पिओ. इथं धोका वेगळा आहे, मॉडिफिकेशनचा. रुंद टायर, उचललेलं सस्पेन्शन, बदललेलं छत बघायला झकास दिसतं. पण जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं आहे की कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत आरसीवरच्या नोंदीशी विसंगत ठरतील असे बदल करता येत नाहीत. अशी गाडी आरटीओत अडकू शकते आणि विम्याचा क्लेमही अडचणीत येऊ शकतो. म्हणून कितीही साधी दिसली तरी मूळ अवस्थेतली जीपच घ्यावी.

गाडी बघायला जाताना

पहिला नियम, मालकाला आधीच सांगायचं की गाडी सुरू करून ठेवू नका. गेल्यावर बोनेटला हात लावायचा. गरम असेल, तर थंड इंजिन सुरू होतानाचा आवाज आणि धूर आपल्याला दाखवायचा नव्हता, असा संशय घ्यायला जागा आहे.

दुसरा, किलोमीटरच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही. मीटर मागं फिरवता येतो. पेडलचं रबर, स्टिअरिंगचं घासलेलं लेदर आणि ड्रायव्हर सीटची कड मागं फिरवता येत नाही. टायरवर चार आकडे असतात. '३२१९' असेल तर टायर २०१९च्या ३२व्या आठवड्यात बनला आहे. ३० हजार किलोमीटर चाललेल्या गाडीला टायरचा तिसरा सेट का, हा प्रश्न विचारायलाच हवा.

तिसरा, सर्व्हिस रेकॉर्ड. 'शोरूम मेंटेन्ड' हे शब्द नकोत, कागद हवेत. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये मालकाला सोबत घेऊन गेलं, तर गाडीच्या नंबरवरून मागचा इतिहास बऱ्याचदा मिळतो. त्यात तारखेसोबत किलोमीटरही असतात. मीटर फिरवला असेल तर तिथंच उघडा पडतो.

चौथा, पाणी. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, तेव्हा मुंबईत किती गाड्या बुडाल्या ते सगळ्यांनी बघितलं. २०१९ला कोल्हापूर-सांगली आणि २०२१ला चिपळूण-महाड. पुरातल्या गाड्या धुऊनपुसून दुसऱ्या जिल्ह्यात विकल्या जातात. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघायचा, टोकाला मातीची रेघ असते. सीटखालच्या पट्ट्या आणि डॅशबोर्डखालचे स्क्रू गंजलेत का ते बघायचं. मॅट उचलून वास घ्यायचा. भारी गाडीत याला जास्त महत्त्व, कारण तिच्यात साध्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त इलेक्ट्रॉनिक्स असतं आणि त्यातले काही मॉड्यूल थेट सीटखाली बसवलेले असतात.

पाचवा, दिवे. चावी फिरवली की इंजिन, एबीएस आणि एअरबॅगचे दिवे लागले पाहिजेत आणि थोड्या वेळात गेले पाहिजेत. दिवा जात नसेल तर बिघाड आहे. पण दिवा लागतच नसेल तर जास्त सावध व्हायचं, कारण तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो.

सहावा, टेस्ट ड्राइव्ह अर्ध्या तासाची हवी आणि ती हायवेवर नको, ट्रॅफिकमध्ये हवी. ऑटोमॅटिक गाडी चढावर, गर्दीत, अगदी हळू चालवायची. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये झटके देते का, डी आणि आर टाकल्यावर उशीर लावते का, हे तिथंच कळतं.

आणि शेवटी, त्या कंपनीच्या गाड्यांवर रोज काम करणारा मेकॅनिक सोबत घेऊन स्कॅनर लावायचा. घरच्या मारुतीचा वर्षानुवर्षांचा मेकॅनिक कितीही हुशार असला तरी डीएसजीवर त्याचं मत पुरेसं नाही. दोन-तीन हजार रुपये जातील, पण तेवढ्यात दोन-तीन लाखांचा खड्डा चुकू शकतो.

डिझेल घेत असाल तर एक जादा मुद्दा. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांमध्ये धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो. तो साफ व्हायला गाडी अधूनमधून सलग वेगात चालावी लागते. रोजचं रनिंग घर ते ऑफिस पाच किलोमीटर असेल, तर हा फिल्टर तुंबतो. अशा माणसानं पेट्रोलच घ्यावी.

पेट्रोलवाल्यांसाठी मुद्दा इथेनॉलचा. १ एप्रिल २०२३ पासून बनलेल्या गाड्यांमध्ये २० टक्के इथेनॉल चालेल असे पार्ट असणं अपेक्षित आहे. त्याआधीच्या गाड्यांमध्ये ॲव्हरेज थोडं कमी होणं आणि इंधनाच्या मार्गातले रबरी पार्ट लवकर बदलावे लागणं हे धरून चालायचं.

कागद : इथं चुकलात तर गाडी चांगली असूनही त्रास

आरसीवर बँकेचं नाव असेल तर आधी एनओसी आणि फॉर्म ३५. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०. कायद्यानं, राज्यातल्या राज्यात व्यवहार असेल तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं.

'सह्या करून देतो, नावावर नंतर करा' असं कुणी म्हणालं तर थांबायचं. २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की गाडी कितीही हात बदलून गेली, तरी आरटीओत ज्याचं नाव आहे तोच मालक धरला जाईल आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येईल. म्हणजे नाव बदलण्यात घेणाऱ्याइतकंच विकणाऱ्याचंही भलं आहे. हेच कलम आपली जुनी वॅगन-आर विकतानाही लागू होतं, हे विसरायचं नाही.

डीलरकडून घेत असाल, तर १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांचा व्यवहार करणाऱ्या डीलरकडं आरटीओचं प्राधिकारपत्र असणं अपेक्षित आहे. ते मागायला लाजायचं नाही.

विम्याचं एक नीट समजून घ्यायचं. थर्ड पार्टी विमा गाडीसोबत जातो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं कव्हर आपोआप आपल्या नावावर होत नाही. त्यासाठी १४ दिवसांत विमा कंपनीला कळवावं लागतं. नो क्लेम बोनस तर जुन्या मालकाचाच, तो त्याच्यासोबत जातो. मागच्या क्लेमची माहिती मात्र मागून घ्यायची. मोठा क्लेम म्हणजे मोठा अपघात.

ई-चलान महाट्रॅफिकवर आणि बाकी नोंदी एम-परिवहनवर तपासता येतात. १ एप्रिल २०१९ आधीची गाडी असेल तर तिला एचएसआरपी पाटी बसवली आहे का तेही बघायचं.

दिल्लीच्या गाड्यांचं आमिष वेगळंच आहे. तिथं १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर एनजीटी आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनी निर्बंध आले. नंतर त्यात बदल होत गेले, पण तोवर तिथल्या भारी गाड्या बाहेरच्या राज्यांत स्वस्तात निघाल्या. अशी गाडी इथं आणायची म्हणजे तिथल्या आरटीओची एनओसी, इथं नव्यानं नोंदणी आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स पुन्हा. नव्या गाडीवर आपल्याकडं पेट्रोलला ११ ते १३ आणि डिझेलला १३ ते १५ टक्के टॅक्स आहे. जुन्या गाडीला वयाप्रमाणं तो कमी बसतो, पण बसतो. हा खर्च धरला की दिल्लीची स्वस्ताई बरीच कमी होते.

आणि गाडी १५ वर्षांच्या जवळ आली असेल तर पुनर्नोंदणी, फिटनेस आणि पर्यावरण कर हे सगळं नव्या मालकाच्या वाट्याला येणार, हेही धरायचं.

आता सहा लाखांचा हिशोब

समजा हातात ६ लाख आहेत. मग गाडी ६ लाखांची बघायचीच नाही. साडेचार लाखांची बघायची.

उरलेले दीड लाख म्हणजे बजेटचा पाव भाग. यातला काही भाग पहिल्या दोन महिन्यांतच जातो. सगळी ऑइल आणि फिल्टर, बॅटरी, गरज असेल तर चार टायर, ब्रेक पॅड, नाव बदलण्याचा खर्च आणि विमा. साधी गाडी सोडून मोठ्या इंजिनावर आलं की थर्ड पार्टीचा हप्ताही बदलतो. १००० सीसीपर्यंत तो २,०९४ रुपये आहे, १५०० सीसीपर्यंत ३,४१६ आणि १५०० सीसीच्या वर थेट ७,८९७. जीएसटी वेगळा.

बाकीचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवून द्यायचे आणि ते गाडीचेच आहेत असं समजायचं. वर्षभर लागले नाहीत तर उत्तम. पण गिअरबॉक्सनं मान टाकली तर घरातली एफडी मोडायची वेळ येणार नाही. सेकंड हँड भारी गाडी घेऊन पस्तावलेल्यांपैकी अनेकांचं गणित इथंच फसतं. गाडी वाईट नसते, तिच्यासाठी हातात काही शिल्लक ठेवलेलं नसतं.

कर्ज काढून घ्यायची असेल तर अजून एकदा विचार करायचा. जुन्या गाडीच्या कर्जाचा व्याजदर नव्या गाडीपेक्षा जास्त असतो. त्यात सप्टेंबर २०२५मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आल्यानं नव्या हॅचबॅक स्वस्त झाल्या आहेत. म्हणून जुन्या गाडीचा भाव करताना नव्या गाडीच्या आजच्या किमतीशी तुलना करायची, दोन वर्षांपूर्वीच्या नाही.

मग जुन्या वॅगन-आरचं काय करायचं?

हा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत आणि खरं तर निर्णय इथंच सोपा होतो.

पंधरा वर्षांच्या जवळ आलेली वॅगन-आर विकून फार पैसे येत नाहीत. पण ती घरात राहिली तर नव्या गाडीवरचा ताण निम्मा होतो. भाजी, स्टेशन, दवाखाना, पावसाळ्यातलं पाणी, गर्दीतली फेरी हे सगळं तिच्यावर. आणि रविवारचा महाबळेश्वरचा घाट नव्या गाडीवर. डीएसजी ट्रॅफिकमध्ये तापत नाही आणि पार्ट यायला पंधरा दिवस लागले तरी घर अडत नाही. पार्किंगची सोय आणि दुसऱ्या विम्याची तयारी असेल, तर याच्याइतकं स्वस्त ब्रेकडाऊन कव्हर दुसरं नाही.

जुनी गाडी विकावीच लागणार असेल आणि नवीवरच रोजचं काम चालणार असेल, तर दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या गटाकडं बघायचं नाही. सरळ पहिल्या गटातली सिटी किंवा सिव्हिक शोधायची.

तर ऑक्टाव्हिया घ्यावी का?

सर्व्हिसचे कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत हातात असतील, ती गाडी ओळखणारं गॅरेज घरापासून तासाभराच्या आत असेल, बजेटचा पाव भाग बाजूला राहत असेल आणि घरात दुसरी गाडी असेल, तर जरूर घ्यावी. यातल्या तीन गोष्टी जुळत असतील, तर मॅन्युअल गिअरवाली शोधावी. दोनच जुळत असतील, तर सिटी घ्यावी. आणि एकही जुळत नसेल, तर ती जाहिरात सेव्ह करून ठेवावी आणि आधी त्या दीड लाखाची सोय करावी. ऑक्टाव्हिया कुठं पळून जात नाही. सहा महिन्यांनी ती अजून थोडी स्वस्तच झालेली असेल.